टाकीतलं बाळ

माझ्या भाचीनं आपल्या आईला "मामाला बोलू नको" असं सांगितलं आणि तिथूनच सगळा घोळ झाला, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. मला आधी सांगितलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं. पण आमच्या घरात मला, बुधाजीला, सांगायच्या गोष्टी कमी आणि लपवायच्या जास्त. टेंपो मात्र सगळ्यांना बुधाजीचाच लागतो.

भाची म्हणजे भाग्यश्री, माझ्या थोरल्या बहिणीची, चंद्रभागाताईची, एकुलती एक मुलगी. खोपोलीला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली, मग पुण्याला जाऊन आणखी कसलासा कोर्स केला, आणि आता कर्जतला खोली घेऊन राहते. चौक गावाहून कर्जतला जाणाऱ्या रस्त्यावर एक छोटा कारखाना आहे, तिथं ती बियर बनवते. हे ताईला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. ताईला तिनं 'कोल्ड्रिंकची कंपनी' असं सांगून ठेवलं होतं. खोटं म्हणाल तर खोटं, पण बियर काही कोणी गरम करून पीत नाही.

मला ठाऊक असण्याचं कारण, तिथला चोथा मीच उचलतो. बियर काढून झाली की उकडलेल्या जवाचा चोथा उरतो आणि म्हशी त्यावर तुटून पडतात. तो टेंपोत भरून मी शिळफाट्याकडच्या तबेल्यांवर नेऊन टाकतो. पहिल्यांदा मला तिथं बघितलं तेव्हा भाग्यश्रीचा चेहरा खर्रकन उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, आईला कळलं तर ती माझ्याशी बोलायची नाय. तू दीड वर्ष काढलंस. मी दीड दिवस नाय काढू शकत."

या दीड वर्षाचं सांगायला पाहिजे. आमच्या मोहोपाड्याच्या बुद्धविहारात दर रविवारी ताई पुढे बसून पंचशील म्हणते आणि बाकीचे तिच्या मागून म्हणतात. त्यातलं पाचवं शील दारूचं, आणि त्यात ती कोणाला सूट देत नाही. एका जयंतीच्या मिरवणुकीत मी जरा जास्त आनंदानं नाचलो. बराचसा आनंदच होता, बाकीचं थोडं होतं. ताईनं मला हाताला धरून बाजूला घेतलं, तोंडाचा वास घेतला आणि त्यानंतर दीड वर्ष माझ्याशी एक शब्द बोलली नाही. एका गल्लीत राहून! कालवण केलं की डबा आणायची, माझ्या उंबऱ्यावर ठेवायची आणि भिंतीकडं बघत निघून जायची. माझ्या मते गुन्ह्याच्या मानानं शिक्षा जास्त होती. हे मी तिला अजून बोललेलो नाही.

ताईचा धंदा बाळ-बाळंतिणींचा. रसायनीच्या कॉलन्यांमध्ये कोणाकडं बाळ झालं की त्याला तेल लावायला, न्हाऊ घालायला, गुटी द्यायला ताई. सकाळपासून तिच्या फोनवर बायकांची रांग. बाळ दूध ओकतंय, बाळ किरकिरतंय, बाळाला शी झाली नाही. गुटी म्हणजे जायफळ, हळकुंड, हिरडा, असलं काय काय सहाणेवर उगाळायचं आणि बाळाला चाटवायचं. याचं माप चमच्यात नसतं, वेढ्यांत असतं. जायफळ सहाणेवर एकदा गोल फिरवलं की एक वेढा. किती वेढे द्यायचे ते बाळाच्या वयावर. त्यामुळे कोणी जायफळाचा ज उच्चारला की ताईचा पहिला प्रश्न ठरलेला.

आता बियरकडं येतो. नाताळ ते थर्टीफर्स्ट कर्जतच्या फार्महाऊसवर मुंबई लोटते. कारखान्याची मालकीण ऋतिका, तिच्या वडिलांचा त्याच जागी ढाबा होता, ती या वर्षी भाग्यश्रीला म्हणाली, या सीझनला तुझ्या मनातली बियर कर, चव बघून फार्महाऊसवाले घेतील. पोरीनं काळी बियर केली. तिला ते स्टाऊट म्हणतात. करपायला आलेले भाजके जव, त्यात कॉफी, सुंठ, दालचिनी आणि जायफळ. आमच्याकडं कॉफी म्हटली की जायफळ आलंच. जायफळ नसलेली कॉफी म्हणजे ताईच्या मते भांडी विसळलेलं पाणी. बियर टाकीत पडल्या दिवसापासून ऋतिका आणि भाग्यश्री तिला 'बाळ' म्हणायला लागल्या. ऋतिकानं तर टाकीला काजळाची तीट लावली. शिकलेल्या पोरी, काय बोलणार.

टाकीत मसाला पडला आणि भाग्यश्रीला धाकधूक वाटायला लागली, जायफळ जास्त तर नाही ना झालं? तिनं आईला फोन केला. तिचं म्हणणं, मी आधी कॉफीचंच बोलले होते. ताईचं म्हणणं, कॉफीचा क सुद्धा निघाला नाही. यावर दोघींचं अजून एकमत नाही, म्हणून दोघींना मान्य आहे तेवढंच सांगतो.

"आई, जायफळ जास्त झालं तर काय होतं गं?"

ताईनं सवयीनं विचारलं, "कवाचं हाय?"

"तीन आठवडे झाले."

"तीनच? मग बेतानं घे. शांत हाय का?"

"आता शांत झालंय. पहिला आठवडा नुसता धिंगाणा होता. रात्री उठून उठून बघायला लागायचं."

"अगं, पन कुणाचं..." एवढं ताईच्या तोंडून निघतंय तोवर मागून ऋतिकाचा आवाज आला, "भाग्या, बाळाचं पोट बघ कसलं फुगलंय! आधी गॅस काढ त्याचा!"

"आले, आले! आई, ठेवते. आन् मामाला बोलू नको हां, नायतर इथं येऊन ठिय्या देईल."

आणि फोन बंद. हे शेवटचं वाक्य माझ्याबद्दल होतं. नव्या बियरचा वास लागला की मी चोथा नसतानाही चोथा न्यायला जातो, एवढाच काय तो माझा दोष. ताईनं त्यातून काय घेतलं? पोरीला बाळ झालंय, आणि घरच्या माणसांपासून ती ते लपवतेय.

मग तिला एकेक आठवायला लागलं. दसऱ्याला, धम्मचक्र दिनाला, भाग्यश्री घरी आली ती ढगळ कुर्ता घालून आणि अंगानं सुटलेली. पाठ दुखते म्हणायची. पाय सुजतात म्हणायची. आता जवाची पोती उचलली की पाठ दुखणार आणि दिवसभर टाकीपाशी उभं राहिलं की पाय सुजणार, आणि सुटली होती ती रोज जव चाखून आणि हॉटेलचं जेवून. पण ज्या बाईनं अर्ध्या तालुक्याची बाळं न्हाऊ घातलीत तिला पाठ आणि पाय म्हटल्यावर दुसरं काय दिसणार? त्यात सहा डिसेंबरला पोरगी आलीच नव्हती, सुट्टी नाही म्हणाली होती. झालं, हिशेब पक्का बसला.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. फोन झाल्यावर दोनच दिवसांनी, नाताळच्या आधीच्या शनिवारी सकाळी ताई दोन पिशव्या घेऊन टेंपोपाशी आली आणि म्हणाली, "कर्जतच्या रस्त्याला जायचंय." एका पिशवीत तेलाची बाटली, सहाण आणि डिंकाच्या लाडवांचा डबा, दुसरीत जुन्या सुती साड्यांची दुपटी. मला वाटलं, फार्महाऊसवर कोणीतरी मोठ्या घरची बाळंतीण उतरली असेल.

"कोणाकडं जायचंय?" मी विचारलं.

"भाग्याच्या कंपनीत."

 ताई कंपनीत गेली की भाग्यश्रीचं खोटं उघडं पडणार आणि पाठोपाठ माझं. मी म्हटलं, ती कामात असंल, फोन करून जाऊ, उद्या जाऊ. ताई म्हणाली, "गप गाडी चालव." मी गप गाडी चालवली. चौक यायच्या थोडं आधी तिचं तिलाच राहवेना.

"बुध्या, तिनं तुला सांगू नको म्हटलंय. पन टेंपो तुझा हाय, मग सांगायलाच पायजे. भाग्याला बाळ झालंय."

मी ब्रेक मारला. मागच्या ट्रकवाल्यानं आमच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. टेंपो कडेला घेतला आणि ताईनं फोनवरचं सगळं बोलणं मला ऐकवलं. तीन आठवड्यांचं, धिंगाणा घालणारं, पोट फुगलेलं. ऐकता ऐकता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, कारण ती तीट लावलेली, पहिला आठवडाभर फसफसणारी टाकी मी डोळ्यांनी पाहिली होती. मला असं हसू फुटलं की ते मला खोकल्यात घालावं लागलं.

"खोकतोस काय? ऐक," ताई म्हणाली. "पयल्या दिवशी लय रडले रं मी. म्हटलं, ही मला सांगायला का घाबरली? मी काय राक्षसीण हाय? जगाची पोरं मी न्हाऊ घालते आन् माझ्या पोरीचं बाळ कुणी परकी बाई न्हाऊ घालनार? मग रडून झाल्यावर उठले आन् टोपडं शिवायला घेतलं."

पदराखालून तिनं ते काढून दाखवलं. पिवळं, कडेला हिरवी पट्टी, मुठीत मावेल एवढं.

मी चाचपडत म्हटलं, "आन् बाप कोन, काय..."

"तिला वाटंल तवा सांगंल. नाय सांगितलं तरी बाळ काय कमी होतंय का त्यानं?"

माझं हसू तिथल्या तिथं जिरलं. ताईला मी जन्मापासून ओळखतो. बोलायला फटकळ, नियमाला कडक, लग्नघरी वरातीत कोणी पिऊन आलं म्हणून अक्षता न टाकता परत फिरलेली बाई. त्या बाईनं दोन रात्रीत एवढा मोठा घास गिळला होता आणि वर टोपडं शिवलं होतं. 

पण आता करायचं काय? बाळ नाही असं सांगावं, तर मग टाकीत काय आहे ते सांगावं लागणार, आणि ते सांगायचा हक्क भाग्यश्रीचा. न सांगावं, तर ही बाई टोपडं हातात धरून आत शिरणार. मी आडून प्रयत्न केला.

"ताई, समज हां, नुसतं समज. बाळ नसलंच तर?"

तिनं माझं मनगट धरलं. "नसलंच म्हंजे? काय झालं त्याला? तुला काय कळलंय? बुध्या, खरं सांग!"

"काय नाय, काय नाय! ठणठणीत हाय!" मी घाबरून बोलून गेलो.

तिनं छातीवर हात ठेवून श्वास सोडला. "म्हंजे तुला ठावं हाय. बघितलंस तू. कसं हाय रं?"

"काळं हाय," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

"असू दे. भाग्या बी जन्मली तवा काळीच होती."

चौकला मी वडापावच्या निमित्तानं थांबलो आणि भाग्यश्रीला फोनवर फोन लावले. उचलेना. 'आई येते आहे, बाळ बघायला, खरं बाळ समजते आहे' असा मेसेज टाकला. तो तिनं वाचला दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी चव बघायला फार्महाऊसवाले आले होते आणि फोन तिनं पिशवीत कोंबून ठेवला होता.

कारखान्यापाशी टेंपो थांबला. अंगणात जुन्या ढाब्याच्या बाकड्यांवर दोन फार्महाऊसवाले शेंगदाणे खात बसले होते. ऋतिका दारातच भेटली. ती मला ओळखते, ताईला ओळखत नव्हती, आणि ताईनं नाव-गाव काही सांगितलं नाही. थेट विचारलं, "बाळ कुठंय?"

ऋतिका खूश झाली. आपल्या बियरची कीर्ती मोहोपाड्यापर्यंत पोचली असं तिला वाटलं. "बाळ ना? आत आहे मावशी. थंडीत ठेवलंय."

"थंडीत?"

"हो मग! बाहेर ठेवलं तर खराब होईल."

"अंगावर काय घातलंय का नाय त्याच्या?"

"जॅकेट आहे ना. स्टीलचं."

ताईनं माझ्याकडं बघितलं. मी छपराच्या पत्र्याकडं बघितलं.

"आन् आई कुठंय त्याची?"

"भाग्या? ग्लास पुसतेय. आज पहिल्यांदा बाहेर काढायचंय ना, पाहुणे आलेत चव बघायला."

"कसली चव?"

"बाळाची!" ऋतिका म्हणाली.

ताई तिला बाजूला सारून आत घुसली आणि मी तिच्या मागे धावलो. आत गार होतं. भिंतीला लागून गार पाण्याचं स्टीलचं जॅकेट चढवलेल्या उंच टाक्या, एका कोपऱ्यात जवाची पोती, मधल्या टेबलावर ग्लासांची रांग. भाग्यश्री फडक्यानं ग्लास पुसत होती. आईला बघून तिचा हात जागीच थांबला.

ताईनं तिच्याकडं बघितलंच नाही. ती टाक्यांच्या मागं बघत होती, पोत्यांवर बघत होती, टेबलाखालचं फडकं उचलून बघत होती. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "कुठंय गं?" झोपलं असेल तर उठू नये म्हणून हळू.

"काय कुठंय?" भाग्यश्रीनं विचारलं, आणि तेवढ्यात तिला आईच्या हातातलं टोपडं दिसलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी त्या तीट लावलेल्या टाकीकडं मान हलवली. तिला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिच्या तोंडाचा रंग उडाला.

"आई," ती म्हणाली, "बाळ म्हंजे ही टाकी. आमी हिलाच बाळ म्हनतो. हिच्यात बियर हाय. मी बियर बनवते. दोन वर्सं झाली. कोल्ड्रिंक नाय, कधीच नव्हतं."

ताई जवाच्या पोत्यावर बसली.

"म्हंजे बाळ नाय?"

"नाय."

"झालंच नव्हतं?"

"नाय गं आई."

ताईनं टोपडं मांडीवर ठेवलं, हातानं सारखं केलं, पुन्हा सारखं केलं. तिचे डोळे भरून आले. बियर हा शब्द तिच्या कानात अजून शिरलाच नव्हता. ती बाळासाठी रडत होती. जे नव्हतंच त्याच्यासाठी माणसाला इतकं वाईट वाटतं हे मी पहिल्यांदा बघितलं, आणि मलाही भडभडून आलं. म्हटलं तर हसण्यासारखी गोष्ट, पण तिथं आम्ही तिघंही हसलो नाही.

"नाव बी ठरवलं होतं मी," ताई म्हणाली. काय नाव, ते तिनं आजतागायत सांगितलेलं नाही.

मग तिनं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि बियर तिच्यापर्यंत पोचली.

"काय म्हनालीस? काय बनवतेस तू?"

"बियर."

"दारू!"

"बियर, आई."

"नाव बदललं म्हनून काय दूध झालं का? दर रविवारी मी विहारात पाचवं शील म्हनते. आन् माझ्या घरातली पोरगी टाक्या भरून..." ती माझ्याकडं वळली. "आन् तू रं? ठणठणीत हाय म्हनालास!"

"टाकी ठणठणीतच हाय, ताई."

"काळं हाय म्हनालास!"

"काळीच हाय की."

तिनं पिशवी माझ्या दिशेनं उगारली. डिंकाच्या लाडवांचा डबा आत होता, म्हणून नुसती उगारली.

"त्याला नको बोलू," भाग्यश्री म्हणाली. तिची मान खाली नव्हती. "मीच त्याला गप ऱ्हा म्हटलं. पाचवं शील मी मोडलं नाय आई. मी चव घेते आन् थुंकते, पीत नाय. मोडलंय ते चौथं. खोटं बोलायचं नाय, ते. ते मी दोन वर्सं रोज मोडलंय. तू फोनवर विचारायचीस, काम बरं हाय का, आन् मी कोल्ड्रिंकच्या गप्पा मारायचे. फोन ठेवला की घास उतरायचा नाय मला."

"मग सांगितलं का नाय?"

"तू बोलायची बंद झाली असतीस म्हनून."

 बाहेर फार्महाऊसवाला मोठ्यानं हसला. ऋतिकानं दारातून डोकावून बघितलं, आमची तोंडं बघितली आणि आवाज न करता मागे गेली.

"आई," भाग्यश्रीनं विचारलं, "तुला खरंच वाटलं मला बाळ झालंय? आन् तू टोपडं घेऊन आलीस?"

"मग काय लाटणं घेऊन येऊ?"

"रागावली नाय तू?"

"बाळाला कोन रागवतं? बाळानं काय केलंय?" ताई म्हणाली. "पन ह्यानं घरं बसतात गं. माझ्या डोळ्यांदेखत बसलीत. तुज्या शिक्षणाला दुसरं काम नव्हतं?"

"हे मला येतं आई. चांगलं येतं."

 ताई उठली, टाकीपाशी गेली, तीट बघितली आणि टाकीला हात लावला. गारेगार लागला तसा मागे घेतला. "तो फोन कशाला केला होतास? ह्याच्यासाठी?"

भाग्यश्रीनं टाकीची तोटी सोडली आणि एक ग्लास अर्धा भरला. काळीकुळकुळीत बियर, वर तपकिरी फेस. ग्लास तिनं आईपुढं धरला. "पिऊ नको. नुसता वास घे."

ताईनं तो आधी लांबून घेतला, मग जवळून. तिच्या कपाळाला आठी पडली.

"ही माझी कॉफी हाय."

"तुझीच हाय. आपल्या घरी रविवारी करतेस ती. तसाच वास मला पायजे होता, म्हनून तर विचारत होते."

"मग नुसती कॉफीच करायची होतीस! ती कशाला नासवलीस?" ताई म्हणाली खरी, पण ग्लास तिनं नाकापासून लगेच दूर केला नाही. मग तो माझ्या हातात दिला. "बुध्या, पी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"पी म्हनते ना. मी पिनार नाय, मरेपर्यंत पिनार नाय. पन पोरीनं दोन वर्सं काय केलंय ते कळायला पायजे. तू पी आन् खरं सांग. तिला बरं वाटावं म्हनून बोललास तर याद राख."

"ताई, टेंपो चालवायचाय."

"टेंपो ऱ्हाऊ दे हितंच. रिक्षानं जाऊ."

सांगतो, आयुष्यात एवढी अवघड बियर मी प्यायलो नाही. ग्लास हातात, समोर दीड वर्ष अबोला धरणारी बहीण डोळे रोखून उभी, शेजारी भाची श्वास धरून. पहिला घोट घशाखाली उतरेचना. दुसरा उतरला.

"बोल," ताई म्हणाली.

"आधी कडू लागते. भाकरी करपली की पापुद्रा लागतो ना, तशी. मग कॉफी येते. मग सुंठ, हितं, घशाशी."

"आन् जायफळ?"

मी भाग्यश्रीकडं बघितलं. ताई म्हणाली, "तिकडं काय बघतोस?"

"जायफळ जास्त झालंय," मी म्हटलं. "जरा... जरा नाय, बरंच."

पोरीचा चेहरा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पन तिसरा घोट घ्यावासा वाटतो," मी घाईनं म्हटलं.

"तुला तो वाटनारच," ताई म्हणाली.

तेवढ्यात ऋतिका धीर करून आत आली आणि ट्रे भरून बाहेर घेऊन गेली. आम्ही तिघं आतून ऐकत राहिलो.  मग एकजण म्हणाला, "हे काय घातलंय, जायफळ? अरे, हेच भारी आहे! आमच्या आजीच्या घरी आल्यासारखं वाटतं." दुसऱ्यानं नाताळच्या आठवड्यासाठी किती मिळेल ते विचारलं. ऋतिका आत बघून दोन्ही हातांचे अंगठे वर करून 'जमलं' अशी खूण करायला लागली. भाग्यश्रीनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. ती आईकडं बघत होती.

"मला पटलेलं नाय," ताई म्हणाली. "त्यांना आवडू दे नायतर नको आवडू दे. मला हे पटायचं नाय."

"मग बोलनार नाय माझ्याशी?"

एवढं विचारायला त्या पोरीला दोन वर्षं लागली होती. ताईनं मान माझ्याकडं वळवली. "ह्याच्याशी दीड वर्स बोलले नाय. काय झालं? सुधारला का हा?"

मी ग्लास पाठीमागं लपवला.

"मलाच तरास झाला त्या दीड वर्सात," ताई म्हणाली. "डबा ठेवायचा, आन् मीठ बरोबर हाय का ते विचारता यायचं नाय. परत तसलं मला जमायचं नाय. भांडीन मी तुज्याशी. दर रविवारी फोन करून भांडीन. पन बोलीन."

तिनं दुपट्यांची पिशवी खांद्याला लावली, मग थांबली. "आता कॉलनीत बायका विचारतील, भाग्या काय करते. काय सांगू?"

"कोल्ड्रिंकच सांग ना आई," भाग्यश्री म्हणाली. "विहारातली मानसं काय काय बोलतील तुला."

"तू चौथं मोडलंस ते मोडलंस, आता मी बी मोडू? बियर बनवते म्हनून सांगीन. बोलतील ते बोलतील." ती पदर सारखा करत म्हणाली, "बाळ असतं तरी सांगनारच होते की."

भाग्यश्री तिच्या गळ्यात पडली आणि हुंदके देऊन रडायला लागली. बाहेर फार्महाऊसवाले आणखी एकेक ग्लास मागत होते, ऋतिका दारात ट्रे धरून ताटकळत उभी होती, आणि तोटीकडं जायचं कोणाच्या लक्षात येत नव्हतं. शेवटी ग्लास मीच भरून दिले.